भाचा दोनदा वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया), शेवटी हायर सेकंड क्लास. पुढे एमटेक किंवा एमएस जमेल का?

उंबरठा

माझ्या भाच्यासाठी विचारतेय. त्याला सांगूनच लिहितेय. "लिही, पण नाव नको," एवढंच म्हणाला.

पुण्यातल्या एका कॉलेजातून मेकॅनिकल केलं. बारावीपर्यंत हुशार म्हणून नातेवाईकांत मिरवून झालेला मुलगा. एफईचा (पहिल्या वर्षाचा) एमटू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, सुटेना म्हणून टीईला (तिसऱ्या वर्षाला) बसू दिलं नाही, वर्ष घरी. पुढे एसईचा (दुसऱ्या वर्षाचा) एमथ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, सुटेना म्हणून बीईला (शेवटच्या वर्षाला) बसू दिलं नाही, आणखी एक वर्ष घरी. चार वर्षांची डिग्री सहा वर्षांत झाली. शेवटचं वर्ष मात्र ऑल क्लियर आणि चांगल्या मार्कांनी. एकूण टक्के ५७, म्हणजे हायर सेकंड क्लास. ओपन कॅटेगरी. सध्या चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर गेज घेऊन बुश (गाडीच्या सांध्यातले रबरी तुकडे) मोजतो आणि रात्री व्हेइकल डायनॅमिक्सचे व्हिडिओ बघतो. त्याला त्यातच मास्टर्स करायचंय.

घरात तीन पक्ष आहेत. त्याचे बाबा म्हणतात, लागलीये नोकरी तर गप कर. ताई म्हणते, एमबीए कर. आजी म्हणते, लग्न करा. एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो. त्याने पंधरा मिनिटांत सांगितलं की वायडीचं कुठे बोलूच नका, फक्त कन्सॉलिडेटेड मार्कशीट लावू, मी बघतो. ते "मी बघतो" ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला, म्हणून इथे आले.

खरंच कुठे दार उघडं आहे का? आणि ही दोन वर्षं सांगायची की झाकायची?

कडीपत्ता

झाकायची अजिबात नाहीत. बाकीचं जाणकार सांगतीलच. पण त्या कन्सल्टंटला पैसे दिले नसतील तर देऊ नका, आणि दिले असतील तर मागून घ्या.

जुना_खोंड

स्पष्ट बोलतो, राग नसावा. ज्याला डिग्री सहा वर्षांत झाली त्याने मास्टर्सच्या मागे का लागावं? आमच्या वेळी फर्स्ट क्लास नसला तर लोक तोंड लपवत. आता सगळ्यांनाच सगळं हवं असतं. त्या सीटवर एखादा सिन्सियर मुलगा बसेल की.

उंबरठा

@जुना_खोंड, राग नाही. पण सीट कोणाला द्यायची ते देणारे ठरवतील ना? ते काय बघून ठरवतात तेवढंच मी विचारतेय.

एमथ्री_ग्रस्त

उंबरठाताई, आयडी बघा माझा. मी या वाटेने गेलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. भारतातलंच लिहितो, बाहेरचं मला कळत नाही.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की आपल्याकडे दोन प्रकारची दारं आहेत. एका दारावर टक्क्यांची पट्टी ठोकलेली असते. तिथे तुमची कहाणी ऐकायला माणूसच नसतो, सॉफ्टवेअर फॉर्म उडवतं. दुसऱ्या दारात परीक्षा किंवा इंटरव्ह्यू असतो. भाच्याने पहिल्या दारावर डोकं आपटत वेळ घालवू नये.

पट्टीवाली दारं: एनआयटीचं एमटेक सीसीएमटी या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून होतं. तिथे ओपन आणि ओबीसीला ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए लागतो, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५५ किंवा ६.०. ५७ ला ते बंद. गेटला (एमटेकच्या प्रवेशपरीक्षेला) कितीही मार्क आणले तरी बंद. पीएसयूच्या (सरकारी कंपन्यांच्या) नोकऱ्यांचंही तेच. गेट स्कोअरवर बोलावतात, पण बहुतेक ठिकाणी डिग्रीला ६० किंवा ६५ टक्क्यांची अट असते. हे आधीच सांगतो कारण मुलं वर्षभर घासतात, रँक आणतात आणि मग जाहिरात नीट वाचतात. बऱ्याच आयआयटींतही ६० किंवा फर्स्ट क्लास मागतात. काही डिपार्टमेंटं त्याखाली उतरतात. प्रत्येकाचं ब्रोशर वेगळं वाचायचं, मित्राने सांगितलं म्हणून धरून चालायचं नाही.

आता उघडी दारं. बंगळूरच्या आयआयएससीला एमटेकसाठी सेकंड क्लास चालतो. लोकांना हे खरं वाटत नाही. देशातली सगळ्यात अवघड जागा आणि टक्क्यांची अट सगळ्यात सैल! अर्थात त्यामुळे काही सोपं होत नाही, गेटचा स्कोअर भरभक्कम लागतो. पण निदान फॉर्म उडत नाही. तिथे रिसर्चचं एमटेकही आहे, त्यात इंटरव्ह्यूला वजन आहे. व्हायब्रेशन आणि डायनॅमिक्सचे प्रश्न फळ्यासमोर उभं करून विचारतात. ज्याला विषय खरोखर आवडतो तो तिथे मार्कशीटपेक्षा मोठा दिसतो.

दुसरं, महाराष्ट्रातली एमई आणि एमटेकची कॉलेजं. तिथे ओपनला ५० टक्के, राखीवला ४५. यांच्याकडे लोक नाकं मुरडतात. मी स्वतः असंच केलं. गावाकडच्या एका कॉलेजात एमई केलं, डिस्टिंक्शन काढलं आणि त्यावर पुढे पीएचडीला लागलो. मधल्या एका गोष्टीचा मला फार उपयोग झाला. इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) अट अशी आहे की बीई आणि एमई या दोन्हींपैकी कुठल्याही एकात फर्स्ट क्लास असला की पुरे. म्हणजे बीईचा हायर सेकंड एमईच्या फर्स्ट क्लासने झाकला जातो, तोही कायदेशीररीत्या. मला हे एमई संपल्यावर एका क्लार्कने सांगितलं.

गेटचं म्हणाल तर तीन तास, ६५ प्रश्न, १०० मार्क. गेटला बसायला टक्क्यांची अट नाही. स्कोअर तीन वर्षं चालतो. गेटवर ॲडमिशन मिळालं तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड, घरात मागावे लागत नाहीत. मेकॅनिकलच्या पेपरात १५ मार्कांचं ॲप्टिट्यूड आणि साधारण १३ मार्कांचं मॅथ्स असतं. ज्याने एमथ्री इतक्या वेळा दिलाय त्याने ते १३ मार्क सोडले तर मी त्याला भेटून दोन लगावीन.

तिसरी_घंटा

@एमथ्री_ग्रस्त, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

मी भर घालते. नुसतं गेट नको, मधल्या काळात कुठेतरी ताजे मार्क दिसायला हवेत. एनपीटीईएलचे (सरकारी ऑनलाइन उपक्रमाचे) कोर्स आयआयटीच्याच प्राध्यापकांचे असतात. शिकायला फुकट, परीक्षेला हजार रुपये. परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, घरबसल्या क्लिक करायचं सर्टिफिकेट नाही. ७५ च्या वर गेलं तर सिल्व्हर, ९० च्या वर गोल्ड. व्हेइकल डायनॅमिक्स, व्हायब्रेशन, फायनाइट एलिमेंट असे दोन-तीन कोर्स चांगल्या मार्कांनी केले की इंटरव्ह्यूत बोलायला काहीतरी असतं. डझनभर करू नका. सर्टिफिकेटांची माळ बघितली की पॅनेलवाल्यांना झोप येते. मी पॅनेलवर बसलेय.

बवेरिया_वडापाव

जर्मनीचं सांगतो. इथे कहाणी नंतर, आधी फॉर्म्युला. परदेशी मार्क त्यांच्या स्केलवर आणायला बवेरियन सूत्र वापरतात. जास्तीत जास्त मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंगने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. ५७ टक्के आणि पासिंग ४० धरलं तर १००-५७=४३, भागिले ६०, गुणिले ३, अधिक १. आलं ३.१५. इथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. बरीच मास्टर्स २.५ किंवा त्याहून चांगलं मागतात. २.५ साठी ७० टक्के लागतात. हिशोब करून बघा.

म्हणजे आखेन आणि म्युनिकच्या नावाने उसासे सोडायचे नाहीत. पण हॉखशूल नावाची प्रॅक्टिकल वळणाची कॉलेजं असतात, त्यांतल्या काहींची अट सैल असते आणि गाड्यांच्या कंपन्या त्यांच्या शेजारीच असतात. कामाचा अनुभव मोजतात. चाकणची नोकरी इथे कामाला येईल. तिला कमी लेखू नका.

आणि झाकायचं म्हणताय ते इथे शक्यच नाही. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (कागदपत्रं तपासल्याचं) लागतं. त्याला १८,००० रुपये आणि प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट द्यावी लागते. त्या गठ्ठ्यात प्रत्येक अटेम्प्ट स्वच्छ दिसतो. खर्च: बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला ट्यूशन नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये सेमिस्टरला १,५०० युरो, आणि टीयू म्युनिकने आता बाहेरच्यांना बरीच फी लावलीये. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ते तुमचेच असतात, महिन्याला ९९२ परत मिळतात. पण आधी उभे करावे लागतात.

फाटकी_वही

रामानुजनपण नापास झाले होते!! गणित सोडून बाकी विषयांत. हिंमत हरायची नाही!!

एमथ्री_ग्रस्त

आला रामानुजन. वाटच बघत होतो.

अहो, रामानुजन कुंभकोणमला एफए (तेव्हाची कॉलेजची परीक्षा) नापास झाले, स्कॉलरशिप गेली, मद्रासला पुन्हा बसले आणि पुन्हा नापास. खरं आहे. पण नंतर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना संशोधनावर बीए दिली ती नापास झाले म्हणून नव्हे. वह्या भरलेल्या होत्या आणि त्या वाचू शकणाऱ्या माणसापर्यंत पत्र गेलं होतं. आपल्या भाच्याकडे वही आहे का, ते विचारा. म्हणजे काम. दाखवता येईल असं काम.

ओहायोची_वहिनी

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट ऑफिसात आहे. निर्णय मी घेत नाही, मी फायली लावते. पण फायली लावणाऱ्याला निर्णय आधी कळतो, कुठल्याही ऑफिसात कळतो तसा.

आमच्याकडे साधारण असं चालतं. ग्रॅज्युएट स्कूल एक किमान जीपीए ठरवतं, बऱ्याच ठिकाणी ४ पैकी ३.०. त्याच्या खालचं ॲप्लिकेशन आपोआप मरत नाही. डिपार्टमेंटला एखादा विद्यार्थी हवा असेल तर ते ग्रॅज्युएट स्कूलकडे अपवाद मागतात आणि मग त्याला अटीवर घेतात. पहिल्या काही कोर्सेसना बी किंवा वर ठेव, मग पूर्ण प्रवेश. म्हणजे प्रश्न असा उरतो की डिपार्टमेंटमधला कोणी तुमच्यासाठी तो कागद भरायची तसदी घेईल का. प्राध्यापकांना कागद भरायला आवडत नाही. तो भरायला त्यांच्या हातात कारण द्यावं लागतं.

कारण कसलं? फाईल उघडल्यावर मी नेहमी बघते ते हेच की वाईट मार्क जुने आहेत की नवे. चढता आलेख असेल तर कमिटी थांबते. अमेरिकन मुलांच्या बाबतीत शेवटच्या ६० क्रेडिटचा जीपीए बऱ्याच ठिकाणी वेगळा काढतात. तुमच्या भाच्याचं शेवटचं वर्ष ऑल क्लियर आहे, ते वेगळं काढून मांडा. मग जीआरई ही प्रवेशपरीक्षा. ऐच्छिक असली तरी त्याने द्यावी. ज्याचे मॅथ्सचे विषय अडकले त्याने क्वांटला (तिच्यातल्या गणिताच्या भागाला) १७० च्या जवळचा आकडा दाखवला तर वेगळं काही बोलावं लागत नाही. २०२३ पासून ती परीक्षा दोन तासांच्या आत आलीये.

लपवण्याबद्दल. फॉर्मच्या शेवटी सही असते की मी शिकलेल्या सगळ्या संस्थांचे सगळे मार्क दिलेत. ते खोटं निघालं तर प्रवेश रद्द होतो, डिग्री मिळाल्यावरसुद्धा होऊ शकतो. मग व्हिसाच्या खिडकीवर मुंबईत विचारतात, किती बॅकलॉग (राहिलेले विषय) होते? तिथे आकडा जुळला नाही तर अजून पंचाईत.

आणि मायबाप हो, रडगाणं नको. दर सीझनला मी शंभर निबंध वाचते ज्यांत आजोबा वारतात. खरेच वारले असतील, मला वाईट वाटतं. पण आजोबा दुसऱ्या परिच्छेदात आणि प्रोजेक्ट शेवटच्या ओळीत असला की कमिटीच्या हातात आजोबाच राहतात.

डेट्रॉइटचा_दादा

वहिनी, तुम्ही आहात तर विचारून घेतो. आमच्या लेकाला इथे सोफोमोर इयरला (दुसऱ्या वर्षाला) ॲकॅडेमिक सस्पेन्शन मिळालं होतं. जीपीए दोनच्या खाली, आधी प्रोबेशन, मग एक वर्ष बाहेर. महाराष्ट्र मंडळात कोणाला सांगितलं नाही, गणपतीला "इंटर्नशिप करतोय" म्हणून सांगत होतो. परत गेला, डिग्री पूर्ण केली, एकूण २.६. आता पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचं म्हणतो. काही आशा?

ओहायोची_वहिनी

आहे. तो अमेरिकन आहे हे त्याच्या फायद्याचं आहे, कारण त्याला नॉन-डिग्री स्टुडंट म्हणून कुठल्याही सरकारी विद्यापीठात एक-दोन ग्रॅज्युएट लेव्हलचे कोर्स घेता येतात. बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमिऑलॉजी घ्यायला सांगा, त्याच विद्यापीठात जिथे पुढे जायचंय. दोन ए मिळाले की २.६ जुनी गोष्ट होते. काही क्रेडिट पुढे धरतातही. जास्त घेऊ नका, धरायची मर्यादा असते.

सस्पेन्शन ट्रान्सक्रिप्टवर छापलेलं असेल तर तीन ओळींत सांगायचं. कधी झालं, काय बदललं, त्यानंतरचे मार्क. आणि कॉलेजने नापास ग्रेड बदलून नवी धरली असली तरी ग्रॅज्युएट स्कूल दोन्ही मोजू शकतं, हे आधीच माहीत असू द्या.

जे एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर येऊन असे सस्पेंड होतात त्यांची गोष्ट वेगळी आहे. वर्ग सुटला की स्टेटस सुटतं. त्यांनी त्याच दिवशी इंटरनॅशनल ऑफिस गाठायचं, मित्रांच्या ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

तिसरी_घंटा

अजून एक वाट अशी आहे की जिथे जुने मार्क मागतच नाहीत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसची कोर्सेरावरची मास्टर्स: डेटा सायन्स, कम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल. ठरलेले सुरुवातीचे कोर्स पैसे भरून करायचे, त्यात बी सरासरी राखली की प्रवेश. ट्रान्सक्रिप्ट नाही, शिफारसपत्र नाही. जॉर्जिया टेकचं ऑनलाइन कम्प्युटर सायन्सही २०१४ पासून आहे, तिथे मार्क बघतात पण मोठ्या मनाने घेतात आणि मग पहिल्या वर्षात दोन फाउंडेशन कोर्सना बी मागतात. भाच्याचा विषय गाड्यांचा आहे म्हणून त्याला थेट उपयोग नाही. वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला होईल.

बाहावाला

नमस्कार. मीच तो भाचा. मावशीने लिंक पाठवली. जुना_खोंड काका, तुमचं वाचून आधी वाईट वाटलं, मग बाबांचाच आवाज ऐकू आला त्यामुळे सवय आहे.

एमथ्री_ग्रस्त सरांनी वही विचारली म्हणून सांगतो. मी कॉलेजच्या बाहा टीममध्ये होतो. ऑल टेरेन गाडी मुलांनी बनवायची, पीथमपूरला ट्रॅकवर चालवायची. मी सस्पेन्शन बघायचो. एसई आणि टीईची सगळी वर्षं वर्कशॉपमध्ये गेली. पाइप वाकवणं, रोलकेज वेल्ड करणं, रात्री दोनला चहा. सबमिशनला गेलो नाही, पेपरला न वाचता गेलो. कोणी आजारी नव्हतं, घरी काही झालं नव्हतं.

दुसऱ्या वायडीच्या वर्षी शॉकॲब्सॉर्बरचं डॅम्पिंग (उसळी शमवण्याचं प्रमाण) बसत नव्हतं. गाडी बंपवरून उतरली की तीनदा उड्या मारायची. मी नुसते क्लिक फिरवून बघायचो. एका सिनियरने वहीवर स्प्रिंग, मास आणि डॅम्परचं समीकरण मांडलं आणि म्हणाला, हे ओळखतोस का? सेकंड ऑर्डर लिनियर डिफरन्शियल इक्वेशन. एमथ्रीचं पहिलं युनिट. त्यात मी नापास होतो. मग ती गाडी समोर ठेवून मी ते युनिट केलं. नंतर क्वार्टर कार मॉडेल (गाडीच्या एका चाकापुरतं गणित) मॅटलॅब सॉफ्टवेअरमध्ये केलं, गाडीवर ॲक्सेलरोमीटर लावून मोजलं. कागदावरचं आणि मोजलेलं जवळ आलं, पण हाय स्पीडला फाटत होतं, कारण टायरची स्टिफनेस मी अंदाजाने धरली होती. तो डेटा आहे माझ्याकडे. तोच बीईचा प्रोजेक्ट केला.

मी एसओपीसाठी (अर्जासोबतच्या निबंधासाठी) एक परिच्छेद लिहिलाय. कन्सल्टंटच्या नमुन्यावरून. मराठीत भावार्थ देतो:

"लहानपणापासून मला गाड्यांचं वेड होतं. आयुष्यात चढउतार येतात. अभियांत्रिकीच्या काळात काही वैयक्तिक कारणांमुळे मला अपयशाला सामोरं जावं लागलं, परंतु अपयश ही यशाची पहिली पायरी आहे हे मी शिकलो. आपल्या नामांकित विद्यापीठात मला संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन."

ओहायोची_वहिनी

अरे बाळा. वरच्या पोस्टमध्ये एवढं लिहिलंस आणि फॉर्ममध्ये हे?

"लहानपणापासून" काढ. कोणी तपासणार नाही आणि कोणी विश्वासही ठेवणार नाही. "चढउतार" काढ. "वैयक्तिक कारणं" हा सगळ्यात वाईट शब्दप्रयोग आहे. कमिटीला वाटतं व्यसन, कोर्टकेस नाहीतर कॉपी. तुझं खरं कारण त्याहून कितीतरी बरं आहे. पायरी काढ. सोनं काढ.

मग काय राहिलं? काहीच नाही. आता हे बघ, तुझ्याच पोस्टवरून लिहिलंय:

"दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षानंतर गणिताचा प्रत्येकी एक विषय राहिल्यामुळे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मला पुढच्या वर्षात प्रवेश मिळाला नाही. त्या काळात माझा जवळजवळ सगळा वेळ बाहा गाडीच्या सस्पेन्शनमध्ये जात होता. डॅम्पिंग बसवताना मला त्याच गणिताची गरज पडली. क्वार्टर कार मॉडेल आणि गाडीवर मोजलेलं त्वरण यांची तुलना मी बीईच्या प्रोजेक्टमध्ये केली. जास्त वेगाला दोन्ही जुळत नाहीत, आणि त्याचं कारण टायरच्या मॉडेलमध्ये आहे असं मला वाटतं. त्यानंतरच्या दोन्ही सेमिस्टरचे सगळे विषय मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो."

बास. माफी मागायची नाही. "असं मला वाटतं" मुद्दाम ठेवलंय. टायरवर काम करणारा कुठला प्राध्यापक ते वाचून म्हणेल की नाही रे, कारण दुसरंच आहे. म्हणाला की तू आत गेलास. साउथ कॅरोलायनात क्लेमसनचा ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगचा वेगळा कॅम्पस आहे, ग्रीनव्हिलला. तिथले लोक कशावर काम करतात ते वाच. आणि विद्यापीठाला "नामांकित" म्हणू नकोस, त्यांना माहीत असतं.

जुना_खोंड

मी तीस वर्षं गाड्यांच्या कंपनीत काढली, निम्मी टेस्ट ट्रॅकवर. हे आधी सांगायचं होतंस. तुझं मॉडेल हाय स्पीडला का फाटतं त्यात टायरबरोबर बुशची स्टिफनेसही बघ. फ्रिक्वेन्सीप्रमाणे रबर बदलतं. रोज बुश मोजतोस ना? मग दिवसभर काय नुसतं आत-बाहेरचा डाया लिहितोस? ड्युरोमीटरने हार्डनेस घे, लॉटप्रमाणे तफावत किती आहे ते लिहून ठेव. कंपनीची परवानगी घेऊन.

मास्टर्सबद्दलचं माझं मत मी मागे घेत नाही, पण तुझ्याबद्दलचं घेतो.

बाहावाला

काका, बुशचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच बघतो. मॅनेजरला विचारून.

बवेरिया_वडापाव

शिफारसपत्रं कोणाची घेणार? इथे फार वजन नाही, पण अमेरिकेला तीन लागतील.

बाहावाला

तीच अडचण आहे. एचओडींना (विभागप्रमुखांना) माझं नाव फक्त डिफॉल्टर लिस्टमुळे माहीत आहे. बाहाचे फॅकल्टी ॲडव्हायजर देतील बहुतेक. चाकणचे मॅनेजर देतील, पण त्यांचं इंग्रजी ईमेलपुरतं आहे आणि ते म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो.

तिसरी_घंटा

एचओडींचं घेऊ नकोस. "हा विद्यार्थी नियमित आणि आज्ञाधारक होता" असं छापील पत्र येतं, आणि तुझ्या मार्कशीटशेजारी ते हास्यास्पद दिसतं. ॲडव्हायजरकडे जाताना तुझी सगळी मार्कशीट आणि वर वहिनींनी लिहिलेला परिच्छेद घेऊन जा. त्यांनी पत्रात स्वतःहून लिहिलं पाहिजे की हो, याचं वर्ष गेलं हे मला माहीत आहे, मी त्या वर्षी याला वर्कशॉपमध्ये रोज बघत होतो. हे वाक्य तू लिहून चालत नाही, त्यांनीच लिहावं लागतं. मॅनेजरचं स्वतः लिहू नकोस. त्यांना मराठीत मुद्दे सांगू दे, मोडक्या इंग्रजीत त्यांनीच टाइप करू दे. मोडकं चालतं. तिसरं बीई प्रोजेक्ट गाइडचं.

एमथ्री_ग्रस्त

माझं मत विचारशील तर क्रम असा लाव. यंदा गेट दे, नोकरी न सोडता. फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटी उघडतो, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयएससीचे दोन्ही फॉर्म भर. आयआयटींची रिसर्च असिस्टंटशिपची एमटेक बघ, मुंबईला ते तीन वर्षांचं असतं, त्यात टेस्ट आणि इंटरव्ह्यू आहे. पण आधी टक्क्यांची ओळ वाच. बाहेरचे फॉर्म त्याच हिवाळ्यात, निवडक. कर्ज काढून अमेरिकेत दहा ठिकाणी फॉर्म भरू नकोस, फॉर्मची फी परत मिळत नाही. काहीच नाही लागलं तर महाराष्ट्रातलं ५० टक्केवालं एमई आहेच, आणि ते शेवटचं म्हणून नव्हे, मनापासून करायचं.

क्लासला लाखभर घालू नकोस. जुने पेपर आणि एनपीटीईएल पुरे.

उंबरठा

वाचून ताईला फोन केला. ती म्हणाली, एमबीएचं काय झालं? मी म्हटलं, तू हा धागा वाच. तिने वाचला आणि विचारलं, रात्री दोनला चहा कोण देत होतं?

बाहावाला

वर्कशॉपबाहेरची टपरी. आईला सांगू नको मावशी, उधारी होती.

एक शेवटची शंका वहिनींना. एका विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये होय-नाही असा चौकोन आहे: तुम्हाला कधी शैक्षणिक कारणाने निलंबित, बडतर्फ किंवा प्रोबेशनवर ठेवलं होतं का? वायडी म्हणजे यातलं काय? मला कोणी काढलं नव्हतं, नाव कॉलेजात होतं, फक्त पुढच्या वर्षात बसता येत नव्हतं. कन्सल्टंट म्हणतो डोळे मिटून "नाही".

ओहायोची_वहिनी

डोळे उघडे ठेवून वाच. तुझ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली नाही, हे नक्की. त्याबद्दलचा प्रश्न वेगळा असतो, तिथे "नाही". पण शैक्षणिक कारणाचा प्रश्न असेल तर ठरवायचं काम तू करू नकोस, मीही करणार नाही. त्या विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल कर: आमच्या विद्यापीठात अमुक विषय सुटल्याशिवाय पुढच्या वर्षात प्रवेश मिळत नाही, मी दोनदा थांबलो, नाव कायम होतं, तुमच्या फॉर्ममध्ये हे काय धरायचं? दोन-तीन दिवसांत उत्तर येतं. जे सांगतील तसं भर आणि तो ईमेल पीडीएफ करून ठेव. "होय" म्हणाले तर खाली जो डबा उघडेल त्यात वरच्या परिच्छेदातली पहिली ओळ टाक, तेवढीच. काही ठिकाणी "होय" वर एक जास्तीचं पत्र मागतात, ते कॉलेजच्या ऑफिसातून आणायला महिना लागेल. त्यामुळे ईमेल आजच पाठव.